वेबच्या भाषांचे आपसातले नाते: कोणती ओळ कुठे चालते

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. पदविकेच्या दोन वर्षांत एचटीएमएल (पानाची रचना), सीएसएस (पानाचे रूप), थोडी जावास्क्रिप्ट (पानावरची हालचाल), पीएचपी (सर्व्हरवरची भाषा) आणि मायएसक्यूएल (डेटाबेस) एवढे शिकून झाले, परीक्षेपुरता एक प्रकल्पही उभा राहिला, परंतु या सगळ्यांचा एकमेकांशी नेमका संबंध काय हे मनात बसलेले नाही. त्यात नोकरीला लागलेले मित्र सांगतात की पीएचपी जुनी झाली, रिॲक्ट आणि नोड ही नवी साधने शिका. मग रिॲक्टने एचटीएमएलची जागा घेतली का, नोडने पीएचपीची घेतली का, आधी शिकलेले वाया गेले का, आणि पुढे कोणत्या क्रमाने शिकावे?

वेबसाइट बनवण्याच्या आणि नंतर त्या सांभाळण्याच्या कामात मी वीस वर्षांहून अधिक काळ आहे, आणि नव्याने कामाला लागलेल्या मुलामुलींमध्ये हाच गोंधळ मी पुन्हा पुन्हा पाहिला आहे. प्रत्येक भाषा स्वतंत्र विषय म्हणून, स्वतंत्र पुस्तकातून शिकवली जाते. एका भाषेतला मजकूर दुसऱ्या भाषेच्या हाती कधी आणि कसा पडतो, हे कोणत्याच विषयाच्या वाट्याला येत नाही. म्हणून भाषांची तुलना करण्यापूर्वी समोरच्या प्रत्येक ओळीबद्दल दोन गोष्टी विचारण्याची सवय लावून घ्या: ही ओळ कोणत्या यंत्रावर चालते, आणि ती चालते त्या क्षणी बाकीच्या भाषांचे काम उरकलेले असते की अजून व्हायचे असते. तुमच्या प्रश्नाचे बहुतेक उत्तर या दोन गोष्टींत आहे.

एखाद्या सार्वजनिक वाचनालयाची ग्रंथयादी वेबवर आहे आणि शोधाच्या चौकटीत कोणी ‘मराठी’ हा शब्द लिहून कळ दाबली, असे समजा. ब्राउझर तो शब्द पत्त्यात घालण्याजोगा करतो: अक्षरे बाइटांत लिहिण्याच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते, ‘मराठी’मध्ये म, र, काना, ठ आणि वेलांटी अशी पाच चिन्हे आहेत, म्हणजे पंधरा बाइट, पत्त्यात प्रत्येक बाइट टक्केचिन्ह व दोन अंक-अक्षरे अशा तीन खुणांनी लिहिला जातो, म्हणून पाच चिन्हांचा शब्द पत्त्यात पंचेचाळीस खुणांचा होतो. ही विनंती एचटीटीपीच्या, म्हणजे वेबवरील देवाणघेवाणीच्या, नियमांनुसार सर्व्हरकडे, म्हणजे पाने पुरवणाऱ्या संगणकाकडे जाते. तिथे पीएचपीचा कार्यक्रम (प्रोग्राम) सुरू होतो, तो शब्द उलगडून घेतो आणि एसक्यूएल या डेटाबेसशी बोलण्याच्या भाषेत एक वाक्य डेटाबेसला पाठवतो. डेटाबेस जुळणाऱ्या नोंदी परत करतो. पीएचपी त्या नोंदींभोवती एचटीएमएलचे टॅग लावून एक लांबलचक मजकूर तयार करते, तो मजकूर ब्राउझरकडे रवाना होतो आणि पीएचपीचा तो कार्यक्रम संपतो. ब्राउझर मजकूर वाचता वाचता स्मरणात त्याचे एक झाड उभे करतो, ज्याला डॉम म्हणतात. मजकुरात उल्लेख असलेल्या सीएसएस आणि जावास्क्रिप्टच्या फाइली नव्या विनंत्या करून मागवतो. सीएसएसच्या आधारे झाडातील प्रत्येक घटकाचे रूप ठरवून पान रंगवतो. आणि जावास्क्रिप्ट चालू लागते ती या झाडावर.

या प्रवासात पीएचपी आणि जावास्क्रिप्ट यांची भेट कधीच होत नाही, हे नीट लक्षात घ्या. नवशिक्यांकडून मला सर्वाधिक वेळा आलेला प्रश्न असा आहे: जावास्क्रिप्टमधल्या चलाची (व्हेरिएबलची) किंमत पीएचपीच्या चलात कशी टाकायची? दोन्ही एकाच फाइलमध्ये, एकाखाली एक लिहिलेल्या दिसतात, त्यामुळे हा प्रश्न साहजिक वाटतो. परंतु जावास्क्रिप्टची पहिली ओळ चालेपर्यंत पीएचपीने आपले काम उरकून स्मरणातली सारी चले सोडून दिलेली असतात. पीएचपीच्या दृष्टीने त्याच फाइलमधील जावास्क्रिप्ट म्हणजे जसाच्या तसा पुढे पाठवायचा मजकूर. त्यात काय लिहिले आहे, याच्याशी तिला कर्तव्य नसते. उलट दिशेने पीएचपीची किंमत जावास्क्रिप्टला देता येते, कारण पीएचपी आधी चालते आणि जावास्क्रिप्टचा मजकूर लिहितानाच त्यात ती किंमत पेरू शकते. त्यासाठी किंमत जेसन या मजकुराच्या रूपात मांडणारे पीएचपीचे जेसन-एनकोड हे फंक्शन वापरावे. ते देवनागरी अक्षरांच्या जागी त्यांचे युनिकोड क्रमांक लिहिते आणि पहिल्यांदा पाहणाऱ्याला मजकूर बिघडल्यासारखा वाटतो. तो बिघडलेला नसतो, जावास्क्रिप्ट ते क्रमांक वाचून पुन्हा अक्षरे करते. जावास्क्रिप्टकडून पीएचपीकडे काही न्यायचे असेल, तर मात्र नवी विनंती पाठवण्याखेरीज मार्ग नाही.

नव्या विनंतीला जुनी विनंती आठवत नाही, ही एचटीटीपीची मूळ घडण आहे. टिम बर्नर्स-ली यांनी 1989 मध्ये जिनिव्हाजवळील सर्न या संशोधन संस्थेत वेबचा प्रस्ताव मांडला, तेव्हा संशोधकांनी एकमेकांचे दस्तऐवज वाचावेत एवढाच हेतू होता. दस्तऐवज मागावा, तो मिळावा आणि संबंध संपावा, यात स्मरणाची गरज नव्हती. पत्ता लिहिण्याची पद्धत, एचटीटीपी आणि एचटीएमएल या तीनच गोष्टींवर ते वेब उभे होते. पुढे दुकाने वेबवर आली, टोपलीत वस्तू टाकणारा आणि पैसे भरणारा एकच माणूस आहे हे ओळखण्याची वेळ आली, तेव्हा 1994 मध्ये नेटस्केप या ब्राउझर-कंपनीच्या लू मोंटुली यांनी कुकीची युक्ती काढली: सर्व्हरने एक छोटी खूण द्यावी आणि ब्राउझरने प्रत्येक विनंतीबरोबर ती परत दाखवावी. पीएचपीतील सेशन म्हणजे हीच युक्ती. सभासदाची माहिती सर्व्हरवर राहते आणि ब्राउझरकडे केवळ टोकनाचा क्रमांक असतो. लॉग-इन कोणत्या भाषेत चालते, असे कोणी विचारले तर त्याला एका शब्दात उत्तर नाही: फॉर्म एचटीएमएलचा, पडताळणी पीएचपीची, सांकेतिक रूपातला पासवर्ड डेटाबेसमध्ये आणि ओळख टिकवणारी कुकी एचटीटीपीच्या शीर्षओळींत.

भाषांच्या वयाबद्दल मित्रांनी जे सांगितले, त्याकडे आता पाहू. सीएसएसचा प्रस्ताव होकॉन व्ह्यूम ली यांनी 1994 मध्ये मांडला आणि तिची पहिली आवृत्ती डिसेंबर 1996 मध्ये प्रमाण म्हणून मान्य झाली. जावास्क्रिप्ट ब्रेंडन आइक यांनी मे 1995 मध्ये नेटस्केपमध्ये दहा दिवसांत उभी केली. जावा या भाषेशी तिचे नाते नावापुरते आहे, कारण त्या वेळी जावाचा बोलबाला होता. रासमुस लेरडॉर्फ यांनी पीएचपीची पहिली साधने जून 1995 मध्ये सर्वांसाठी खुली केली, आणि मायएसक्यूएलचा जन्मही 1995 चाच. म्हणजे जिला नवी म्हणतात ती जावास्क्रिप्ट आणि जिला जुनी म्हणतात ती पीएचपी, दोघी एकाच वर्षाच्या आहेत. खरोखर नंतरचे आहे ते नोड, जे रायन डाल यांनी 2009 मध्ये आणले, आणि रिॲक्ट, जे फेसबुकने 2013 मध्ये खुले केले. परंतु या दोन्ही भाषा नाहीत. जावास्क्रिप्ट ब्राउझरबाहेर, थेट यंत्रावर चालावी म्हणून क्रोममधील व्ही-८ हे इंजिन घेऊन केलेली सोय म्हणजे नोड, आणि पानाचे तुकडे जावास्क्रिप्टमध्ये मांडण्याची एक लायब्ररी म्हणजे रिॲक्ट.

नोडने पीएचपीची जागा घेतली का, याचे उत्तर त्यामुळे सरळ आहे: नोड त्याच जागी बसते जिथे पीएचपी, पायथन, रुबी किंवा जावा बसतात. विनंती घ्यायची, डेटाबेसशी बोलायचे, उत्तर पाठवायचे, हे काम बदलत नाही. रीत मात्र निराळी आहे. पीएचपी नेहमीच्या पद्धतीने वापरली तर प्रत्येक विनंतीसाठी कोरी सुरुवात करते आणि काम झाले की सगळे विसरते; नोडचा कार्यक्रम एकदा सुरू झाला की चालूच राहतो आणि अनेक विनंत्या त्याच एका स्मरणात येऊन जातात. म्हणून पीएचपीतून नोडकडे आलेला माणूस वरच्या पातळीवरच्या चलात एका सभासदाचे नाव ठेवतो आणि पुढच्या सभासदाला तेच नाव दिसते. ही चूक मी एकाहून अधिक ठिकाणी दुरुस्त केली आहे. भाषा एक असली तरी जागा बदलली की हाताशी असलेल्या वस्तूही बदलतात, हेही ध्यानात ठेवा: नोडमध्ये पान नसते, त्यामुळे डॉक्युमेंट नावाची वस्तू तिथे सापडत नाही, आणि ब्राउझरमधील जावास्क्रिप्टला वाचकाच्या संगणकावरील फाइली मनास येईल तशा उघडता येत नाहीत.

रिॲक्टचे नाते समजण्यासाठी मधल्या एका टप्प्याकडे पाहावे लागेल. पूर्वी पानावरील एक आकडा बदलायचा असला तरी पूर्ण पान नव्याने मागवावे लागे. मायक्रोसॉफ्टने 1999 मध्ये इंटरनेट एक्सप्लोररच्या पाचव्या आवृत्तीत अशी सोय दिली की जावास्क्रिप्टने पान न सोडता मागच्या मागे सर्व्हरला विनंती करावी. जीमेल 2004 मध्ये आणि गूगल मॅप्स 2005 मध्ये लोकांनी वापरले, तेव्हा या सोयीची खरी ताकद दिसली. जेसी जेम्स गॅरेट यांनी 2005 मध्ये तिला ॲजॅक्स हे नाव दिले.  कामाची वाटणी बदलली, ही त्यातली मोठी गोष्ट. सर्व्हरने पूर्ण एचटीएमएल देण्याऐवजी जेसन रूपात फक्त माहिती द्यावी आणि एचटीएमएलचे झाड ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्टने उभे करावे, असा मार्ग मोकळा झाला. या मार्गाने मोठे ॲप्लिकेशन लिहू लागले की झाडाची कोणती फांदी कधी बदलायची, याचा हिशेब हाताने ठेवणे अशक्य होते. तो हिशेब रिॲक्ट ठेवते. तुम्ही माहितीची सद्यःस्थिती सांगता, आणि तिला अनुरूप झाड करण्यासाठी डॉममध्ये कमीत कमी काय बदलावे लागेल, हे रिॲक्ट ठरवते. रिॲक्टच्या फाइलमध्ये टॅगसारखे जे दिसते, ते एचटीएमएल नव्हे; बांधणीच्या वेळी, म्हणजे फाइली ब्राउझरसाठी तयार करताना, त्याची जावास्क्रिप्टमधील फंक्शनांची हाक होते आणि ती हाक चालल्यावर शेवटी खरे एचटीएमएल घटकच तयार होतात. त्यामुळे लेबल कोणत्या चौकटीचे आहे, बटण आणि दुवा यांत फरक काय, तक्ता कधी वापरावा, हे ज्याला एचटीएमएलमध्ये कळत नाही, त्याचे रिॲक्टमधील पानही दृष्टिहीन वाचकाच्या स्क्रीन-रीडरला कळत नाही.

सगळे झाड ब्राउझरमध्ये उभारण्याची किंमतही मोजावी लागते. ग्रामीण भागात साध्या मोबाइलवर आणि कमकुवत नेटवर्कवर आधी जावास्क्रिप्टची मोठी फाइल उतरायची, मग ती चालायची, मग तिने माहिती मागवायची, आणि तोवर पांढरा पडदा पाहायचा, हा अनुभव तुम्हीही घेतला असेल. म्हणून रिॲक्टचेच घटक सर्व्हरवर नोडमध्ये चालवून तयार एचटीएमएल पाठवण्याची पद्धत आज रूढ आहे. एचटीएमएल कुठे तयार करायचे, सर्व्हरवर की ब्राउझरमध्ये, या एका निर्णयाभोवती गेल्या वीस वर्षांतील बहुतेक तंत्रे फिरतात. बातम्या, ग्रंथयादी, निकाल, सरकारी माहिती अशा मुख्यतः वाचायच्या पानांसाठी सर्व्हरवर तयार झालेले साधे एचटीएमएल आजही सर्वांत चांगले आहे, असे माझे ठाम मत आहे. नकाशा, चित्रसंपादन किंवा सतत बदलणारा फलक यांसाठी ब्राउझरकडे अधिक काम द्यावे.

टाइपस्क्रिप्टबद्दल फार सांगण्याची गरज नाही. ती जावास्क्रिप्टवर प्रकारांची तपासणी चढवते, आणि सहसा बांधणीच्या वेळी हे प्रकार पुसले जाऊन साधी जावास्क्रिप्ट उरते. वेबअसेंब्लीमुळे सी किंवा रस्टमधले जड काम ब्राउझरमध्ये चालवता येते. तुमच्या टप्प्यावर एवढे माहीत असणे पुरे.

मी अधिक वेळ देईन तो भाषांच्या सीमांना, कारण मी पाहिलेल्या गंभीर चुकांपैकी बहुतेक तिथेच घडल्या. पूर्वी एका संस्थेच्या सभासद-नोंदणीचे काम माझ्याकडे होते. नोंदणी अधूनमधून अडत होती, आणि अडणारे सभासद बहुतेक वसईकडचे होते. रोमन लिपीत डिसूझा किंवा डिमेलो लिहिताना पुष्कळ जण डी या अक्षरानंतर अपॉस्ट्रॉफी देतात. मी पीएचपीत एसक्यूएलचे वाक्य जोडाक्षरासारखे तुकडे जोडून तयार केले होते, आणि एसक्यूएलमध्ये तीच खूण मजकूर संपल्याची असते. नाव मध्येच संपत होते आणि उरलेले ‘सूझा’ डेटाबेस आज्ञा समजून वाचू पाहत होता. त्या सभासदांच्या आडनावात काहीही चूक नव्हती. एका भाषेतला मजकूर दुसऱ्या भाषेच्या वाक्यात उघडाच घातला, ही चूक होती. एखादा प्रामाणिक सभासद नकळत जे करतो, तेच हल्लेखोर जाणून करतो, आणि त्याला एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात. उपाय म्हणजे प्रिपेअर्ड स्टेटमेंट: वाक्याचा साचा वेगळा पाठवायचा, किंमती वेगळ्या. तोच मजकूर पुढे एचटीएमएलमध्ये गेला की तिथे धोक्याची खूण बदलते, ती कोनी कंसाची होते. अभिप्रायात कोणी स्क्रिप्टचा टॅग लिहिला आणि तो तसाच छापला, तर दुसऱ्या वाचकाच्या ब्राउझरमध्ये तो चालतो. म्हणून मजकूर ज्या सीमेवरून जातो, त्या सीमेचा नियम तिथेच लावावा. फॉर्म भरतानाच एकदा सगळे ‘स्वच्छ’ करून ठेवण्याचा मार्ग चुकीचा आहे, कारण पुढे तो मजकूर कोणत्या भाषेत शिरणार आहे, हे त्या वेळी ठाऊक नसते.

जावास्क्रिप्टने केलेल्या तपासणीवर सर्व्हरने विसंबू नये, हेही याच विचारातून येते. ब्राउझर वाचकाच्या मालकीचा आहे. तिथली ओळ तो बदलू शकतो किंवा ब्राउझरशिवायच विनंती पाठवू शकतो. पिन कोड सहा अंकी आहे ना, हे जावास्क्रिप्टने पाहिले तर भरणाऱ्याची खेप वाचते, पण तेच सर्व्हरने पुन्हा पाहिलेच पाहिजे.

मराठीत काम करणाऱ्याला सीमेचा आणखी एक धडा लवकर मिळतो. ‘मराठी’ या शब्दाची लांबी पीएचपीच्या स्ट्रलेन फंक्शनला विचारली तर ते पंधरा सांगते, कारण ते बाइट मोजते. एमबी-स्ट्रलेन पाच सांगते. ग्राफीम-स्ट्रलेन तीन सांगते, आणि वाचकालाही म, रा, ठी अशी तीनच अक्षरे दिसतात. जावास्क्रिप्टची लेंग्थ इथे पाच येते. मायएसक्यूएलमध्ये लेंग्थ पंधरा देते आणि कॅर-लेंग्थ पाच. शीर्षक वीस बाइटांवर कापले की शेवटच्या अक्षराच्या जागी परकी खूण उमटते ती यामुळे. त्याहून अवघड प्रकरण ‘दऱ्या’ किंवा ‘तऱ्हा’ यांतील ऱ चे आहे: कुणाच्या कळफलकावरून ते युनिकोडमधील स्वतंत्र ऱ म्हणून येते, तर कुणाकडून र, हलंत आणि एक अदृश्य जोडखूण अशा रूपात, पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, पण शोधात जुळत नाहीत. युनिकोडचे नॉर्मलायझेशन या दोन रूपांना एक करत नाही, त्यामुळे एक रूप ठरवून साठवतानाही आणि शोधतानाही सर्व्हरवर तेच करून घ्यावे लागते. डेटाबेसचे वर्णसंकेतन यूटीएफ८एमबी४ ठेवा, आणि डेटाबेसशी जोडणी करतानाही तेच सांगा. साठवण बरोबर असून जोडणी चुकीची असल्यामुळे मराठी मजकुराच्या जागी निरर्थक खुणांच्या रांगा आलेल्या मी अनेकदा पाहिल्या आहेत.

चुकीला प्रत्येक भाषा निराळा प्रतिसाद देते, हेही शिकताना उपयोगी पडते. एचटीएमएलमध्ये टॅग मिटवायचा राहिला तर ब्राउझर तो आपल्या नियमांनी मिटवून पुढे जातो; सीएसएसमध्ये न कळलेली ओळ सोडून देतो, आणि म्हणूनच नवी सोय वापरलेले पान जुन्या ब्राउझरमध्येही उघडते; जावास्क्रिप्टमध्ये न सावरलेल्या चुकीपाशी ती स्क्रिप्ट थांबते; एसक्यूएल वाक्यच नाकारते. त्यामुळे पानाचा पाया एचटीएमएलचा ठेवून त्यावर बाकीचे थर चढवले, तर वरचा थर कोसळला तरी खालचा वाचता येतो.

शिकण्याच्या क्रमाबद्दल विचारले आहे म्हणून सांगतो: तुमचे काहीही वाया गेलेले नाही, आणि रिॲक्ट शिकण्यास माझा विरोधही नाही. आधी ग्रंथयादीचे वर सांगितलेले पान जावास्क्रिप्टशिवाय, फक्त एचटीएमएल, पीएचपी आणि मायएसक्यूएल वापरून पूर्ण करा. शोध, पृष्ठांची विभागणी आणि सभासदाचे लॉग-इन यांसह. मग ब्राउझरमधील नेटवर्कचा फलक उघडून प्रत्येक विनंती आणि तिचे उत्तर वाचा, आणि ‘पानाचा स्रोत’ व ‘घटक’ या दोन ठिकाणी दिसणारा फरक पाहा. पहिल्यात सर्व्हरने पाठवलेला मजकूर असतो, दुसऱ्यात या क्षणीचे झाड. त्यानंतर साध्या जावास्क्रिप्टने पान न बदलता शोधाचे निकाल आणा, आणि त्यासाठी जेसन देणारी पीएचपीची एक स्वतंत्र फाइल लिहा. शेवटी तोच शोध रिॲक्टमध्ये करा, मात्र माहिती देणाऱ्या त्या पीएचपीच्या फाइलला हात लावू नका.